लोबॉल पोकर

पोकर या पत्त्यांच्या खेळाचा एक प्रकार. नेहमीच्या पोकरमध्ये ज्याचा हात वरचढ तो डाव जिंकतो; लोबॉलमध्ये याच्या उलट सर्वांत कनिष्ठ हाताला जय मिळतो. खेळाडूजवळ असलेल्या पाच पत्त्यांच्या संचास ‘हात’ म्हणतात. जोडी, एकाच दर्जाची तीन पाने, राजा-राणीसारखी चित्रांची पाने ही एरवी मौल्यवान ठरतात. लोबॉलमध्ये तीच ओझे होतात आणि दुर्री, तिर्री यांसारख्या क्षुल्लक पानांना मोल येते. नियमाची ही उलटापालट वरकरणी सोपी वाटते. तथापि ‘सर्वांत कनिष्ठ’ हात कोणता, या प्रश्नाला सर्वत्र एकच उत्तर दिले जात नाही. या निरनिराळ्या उत्तरांतून लोबॉलचे पोटप्रकार निर्माण झाले. तसेच पाने बदलून घेण्याच्या नियमामुळे कॅलिफोर्नियाच्या कायद्यात या खेळाला आश्रय मिळाला. खेळाचे नियम आणि राज्याचे कायदे या दोहोंनी मिळून लोबॉलचा इतिहास घडविलेला आहे.

उगम व पार्श्वभूमी : पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, न्यू ऑर्लीअन्स व मिसिसिपी नदीच्या परिसरात आकारास आला. नदीवरील आगबोटींतून तो उत्तरेकडे व पश्चिमेकडे पसरला. आरंभी तो वीसच पानांनी खेळत. एक्का, राजा, राणी, गुलाम व दश्शी एवढीच पाने घेऊन चार जणांना प्रत्येकी पाच वाटली, की हाती काही उरत नसे. जोनाथन ग्रीन या पूर्वाश्रमीच्या जुगाऱ्याने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जुगारविरोधी पुस्तकात या वीस पानी खेळाचे वर्णन आढळते. पुढे बावन्न पानांचा पूर्ण कॅट वापरात आला. त्यामुळे खेळाडूंची संख्या वाढविता आली व वाटून उरलेल्या पानांचा गठ्ठाही उपलब्ध झाला. या गठ्ठ्यातून नको असलेली पाने बदलून घेण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. तिला ‘ड्रॉ पोकर’ असे नाव पडले. लोबॉलचा पाया या पद्धतीतच आहे.

ड्रॉ पोकरमध्ये १८७० नंतर ‘जॅकपॉट’ नावाची प्रथा लोकप्रिय झाली. तीनुसार ज्याच्याकडे निदान गुलामांची जोडी असेल, त्यालाच पहिली बोली लावता येते. पाच पानांच्या वाटपात असा किंवा त्याहून वरचढ हात सरासरीने पाचांत एकदा येतो. पाच खेळाडू खेळत असल्यास सुमारे एक तृतीयांश वाटपांत कोणाजवळच तो नसतो आणि डाव बोलीवाचून फुकट जातो. अशा वेळी पाने पुन्हा न वाटता तोच डाव कनिष्ठ हातासाठी खेळावा, अशी एक तोड काही ठिकाणी काढण्यात आली. ‘जॅक्स ऑर बॅक’ या खेळात ती अद्याप टिकून आहे. वाईट पाने हाती आलेल्या खेळाडूंनाही डावात राहण्याचे कारण देणे, ही लोबॉलमागील मूळ कल्पना त्यातून स्पष्ट होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोबॉल हा स्वतंत्र खेळ म्हणून मान्यता पावला.

कनिष्ठतेच्या तीन व्याख्या : कनिष्ठ हात ठरविताना दोन प्रश्नांचा निर्णय आधी करावा लागतो. एक्का सर्वांत लहान मानावयाचा की मोठा, हा पहिला. आणि पाच पाने ओळीने आल्यास (क्रम) अथवा ती सर्व इस्पिक, बदाम, चौकट वा किलवर यांपैकी एकाच रंगाची असल्यास (एकरंगी हात) ती खेळाडूच्या विरुद्ध धरावयाची की नाही, हा दुसरा. यांच्या उत्तरांनुसार तीन पद्धती रूढ आहेत.

(१) ‘एक्का ते पंजी’ किंवा कॅलिफोर्निया पद्धत : हीत एक्का सर्वांत लहान असून क्रम व एकरंगी हात यांची दखलच घेतली जात नाही. साहजिकच ५-४-३-२-एक्का हा सर्वश्रेष्ठ हात होय. त्याला ‘व्हील’ (चाक) किंवा ‘बायसिकल’ म्हणतात. या पद्धतीत कॅटमध्ये पुष्कळदा एक जोकर घालतात. हातात नसलेल्या सर्वांत लहान पानाची जागा तो घेतो. (२) ‘दुर्री ते सत्ती’ किंवा कॅन्सस सिटी पद्धत : हीत एक्का नेहमीच मोठा असतो आणि क्रम व एकरंगी हात हे दोन्ही खेळाडूच्या विरुद्ध जातात. ६-५-४-३-२ हा क्रम होत असल्यामुळे बाद ठरतो; म्हणून भिन्न रंगांचा ७-५-४-३-२ हा सर्वश्रेष्ठ हात होय. नेहमीच्या पोकरमधील सर्वांत निकृष्ट हात तो हाच. (३) ‘एक्का ते छक्की’ पद्धत : हीत एक्का लहान, पण क्रम व एकरंगी हात विरुद्ध धरले जातात; त्यामुळे ६-४-३-२-एक्का हा हात सर्वश्रेष्ठ ठरतो.

नवशिक्याचा गोंधळ येथेच होतो. एकच हात एका पद्धतीत उत्तम, तर दुसरीत कुचकामी असू शकतो. उदा., ७-६-५-४-३ हा हात कॅलिफोर्नियात चांगला मानला जाईल. कॅन्सस सिटी पद्धतीत तो क्रम होऊन एखाद्या जोडीपुढेही हरेल. उलट ५-४-३-२-एक्का हा कॅलिफोर्नियातील सर्वोत्तम हात कॅन्सस सिटी पद्धतीत क्रम ठरत नाही, कारण तेथे एक्का दुर्रीच्या खाली येतच नाही. तो एक्क्याचा हात म्हणून मोजला जातो, राजाच्या हाताकडून हरतो आणि जोडीला मात्र हरवितो. यामुळेच पहिले पान वाटण्यापूर्वी पद्धतीचे नाव स्पष्टपणे ठरवून घेण्याचा प्रघात आहे.

हातांची तुलना नेहमी सर्वांत मोठ्या पानापासून खाली करतात. ज्याचे सर्वांत मोठे पान लहान, त्याचा हात सरस. ते समान असल्यास पुढचे पान पाहावयाचे. ८-६-५-४-एक्का आणि ८-७-३-२-एक्का या दोन हातांत पहिला जिंकतो, कारण अठ्ठीनंतर त्यात छक्की आहे व दुसऱ्यात सत्ती. दुसऱ्यातील तिर्री व दुर्री यांचा येथे काहीही उपयोग होत नाही. हाताचे नावही मोठ्या पानावरून पडते; वरील दोन्ही हात ‘अठ्ठीचे’ होत. कोणाजवळही जोडीवाचून हात नसल्यास लहान जोडीचा हात जिंकतो.

खेळण्याची रीत : एका वेळी आठपर्यंत खेळाडू भाग घेऊ शकतात. वाटणाऱ्याच्या डावीकडील एक वा अधिक खेळाडू पाने पाहण्यापूर्वी ठरावीक रक्कम मध्ये ठेवतात. हिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. पाने पिसून व काटून झाल्यावर प्रत्येकास पाच पाने पालथी वाटली जातात. नंतर बोलीची पहिली फेरी होते. आपली पाळी आल्यावर खेळाडूने चालू बोलीची बरोबरी करावी, ती वाढवावी किंवा पाने टाकून डाव सोडावा. त्यानंतर डावात उरलेले खेळाडू क्रमाने नको असलेली पाने पालथी टाकून तितकीच नवी घेतात. ज्याला आपला हात पुरेसा वाटतो, तो एकही पान बदलत नाही. मग बोलीची दुसरी फेरी होऊन शेवटी हात उघड केले जातात. एकाने लावलेल्या बोलीची बरोबरी कोणीच न केल्यास त्याला हात न दाखविताच मधली रक्कम मिळते.

प्रतिस्पर्ध्याने किती पाने बदलली, एवढीच माहिती या खेळात उघड असते. एक पान बदलणारा खेळाडू चार लहान पाने धरून आहे, असा तर्क करता येतो. दोन किंवा तीन बदलणारा दुर्बल असतो. एकही पान न बदलणाऱ्याजवळ तयार हात असेल किंवा तो हूलही देत असेल. दुर्री व तिर्री यांच्या जोड्या स्वतःजवळच अडकल्या असल्यास ती पाने इतरांना मिळणे दुरापास्त आहे, हे चतुर खेळाडू जाणतो. अशा वेळी तो आपला निरुपयोगी हात तसाच ठेवून मोठी बोली लावतो. म्हणजे पाने वाईट असली, तरी त्यांतून मिळणारी माहिती उपयोगी पडते.

संभाव्यता : बावन्न पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० निरनिराळे हात होतात. त्यांपैकी पाचही पाने भिन्न दर्जांची असलेले हात १३,१७,८८८, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक आहेत. जोकर न घेता कॅलिफोर्निया पद्धतीने खेळल्यास ‘व्हील’ १,०२४ प्रकारे येतो. सत्तीचे व त्याहून सरस असे एकूण २१,५०४ हात होतात; पहिल्याच वाटपात असा हात सु. १२१ वेळांतून एकदा मिळेल. कॅन्सस सिटी पद्धतीत सत्तीचे हात अवघे ४,०८० असून त्यांचे प्रमाण सु. ६३७ त एक असे पडते. दोन पद्धतींत ‘चांगला हात’ या शब्दांचा अर्थ किती बदलतो, हे यावरून दिसते.

पान बदलण्याचा हिशोबही बोधप्रद आहे. कॅलिफोर्निया पद्धतीत एक्का, दुर्री, तिर्री व चव्वी धरून खेळाडूने राजा टाकला, तर न दिसलेली ४७ पाने उरतात. त्यांतील १२ पानांनी (पंजी, छक्की, सत्ती) हात उत्तम बनतो. दुसऱ्या १२ पानांनी जोडी होऊन तो बिघडतो आणि उरलेल्या २३ पानांनी तो अठ्ठीपासून राजापर्यंतचा होतो. लाभाची व हानीची शक्यता येथे समसमान, प्रत्येकी सु. २५·५ टक्के आहे. हा हिशोब न करता केवळ चार लहान पानांच्या मोहाने मोठी बोली स्वीकारणारा खेळाडू दीर्घकाळात तोट्यात जातो.

क्लबांतील नियम : अनोळखी लोक एकत्र खेळू लागल्यावर घरगुती खेळात न लागणारे नियम आवश्यक झाले. मर्यादित बोलीच्या कॅलिफोर्निया लोबॉलमध्ये पाने बदलल्यानंतर ज्याच्याजवळ सत्तीचा वा त्याहून सरस हात असेल, त्याने बोली लावलीच पाहिजे, असा नियम आहे. तो गप्प राहिला आणि अखेर त्याचाच हात सरस ठरला, तर पाने बदलल्यानंतर लागलेल्या बोलींची रक्कम त्याला मिळत नाही. उत्तम हात लपवून दुसऱ्याला बोली लावण्यास भाग पाडण्याच्या डावपेचाला यामुळे आळा बसतो. तसेच पहिल्या वाटपात चुकून उघडे पडलेले पान सत्ती किंवा तिच्याहून लहान असल्यास ते ठेवावे लागते. मोठे असल्यास बदलून मिळते. वाटणाऱ्याच्या चुकीचा लाभ कोणास मिळावा यावरून होणारे तंटे या नियमाने टळतात. कॅन्सस सिटी पद्धतीत सक्तीच्या बोलीचा नियम सहसा पाळत नाहीत. म्हणून एका ठिकाणी शिकलेला खेळाडू दुसरीकडे गेल्यास त्याला नियम नव्याने विचारावे लागतात.

कॅलिफोर्नियातील कायदा व गार्डिना : कॅलिफोर्नियाच्या १८७२ च्या दंडसंहितेतील ३३० व्या कलमाने फारो, माँटी, रूलेट इ. खेळांवर आणि ज्यांत खेळ चालविणारा स्वतः पैसे लावतो वा बोलीतून टक्केवारी घेतो, अशा सर्व खेळांवर बंदी घातली. १८८० च्या दशकात या यादीत ‘स्टड-हॉर्स पोकर’ या नावाची भर पडली. ड्रॉ पोकरचा उल्लेख मात्र यादीत नव्हता. १९११ मध्ये राज्याचे महान्यायवादी युलिसीस वेब यांनी ड्रॉ पोकर हा कौशल्याचा खेळ असून बंदीच्या कक्षेत येत नाही, असे मत दिले. खेळाडू कोणती पाने ठेवावयाची व कोणती टाकावयाची हे स्वतः ठरवितो, हा ड्रॉ पोकरचा विशेष होता. परवानगी देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार स्थानिक शासनाकडे राहिला.

लॉस अँजेल्सच्या दक्षिणेस असलेल्या गार्डिना या छोट्या शहरात १९३६ मध्ये पोकर क्लबांच्या व्यवसायास आरंभ झाला. त्यात अर्नेस्ट प्रिम यांचा पुढाकार होता. कालांतराने तेथे सहा क्लब स्थिरावले. टक्केवारी घेण्यास बंदी असल्यामुळे क्लब दर अर्ध्या तासाला बैठकीचे भाडे आकारीत. पाने खेळाडू आळीपाळीने स्वतःच वाटीत. तेथे गुलामांच्या जोडीपासून सुरू होणारा ड्रॉ पोकर व लोबॉल हे दोनच खेळ प्रामुख्याने चालत. ठरावीक भाड्याच्या पद्धतीमुळे क्लबचा लाभ कोण जिंकले यावर अवलंबून नव्हता. पण दर अर्ध्या तासाचे भाडे भरून निघेल इतके जिंकल्याशिवाय खेळाडूच्या पदरात मात्र काही पडत नसे. क्लबांच्या करांवर शहराचा कारभार बऱ्याच अंशी अवलंबून राहिल्याने ते बंद करावेत की नाही, याविषयी गार्डिनात वारंवार मतदान झाले. मानवशास्त्रज्ञ डेव्हिड हायानो यांनी या क्लबांतील व्यावसायिक खेळाडूंमध्ये स्वतः खेळून त्यांच्या जीवनाचा अभ्यास केला व पोकर फेसेस हा ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. नियमित उत्पन्न, प्रतिष्ठा व भविष्याची शाश्वती यांवाचून चालणाऱ्या या व्यवसायाचे चित्र त्यात आले आहे.

कॉमर्स (१९८३) व बेल गार्डन्स (१९८४) या शहरांत मोठे क्लब उघडल्यावर गार्डिनाचे महत्त्व कमी झाले. लोबॉलला त्याहून मोठा धक्का न्यायालयाच्या निर्णयाने बसला. टेक्सस होल्डेम हा खेळ म्हणजे बंदी असलेला ‘स्टड-हॉर्स पोकर’ नव्हे, असा निर्णय होऊन १९९० मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो कायम केला. पुढे हे नाव कायद्यातूनही वगळण्यात आले. होल्डेममध्ये मधली पाने सर्वांना दिसत असल्याने तो नवशिक्यास लवकर उमगतो व त्यात बोलीच्या फेऱ्याही अधिक असतात. कायद्याच्या शब्दांनी अनेक दशके राखून ठेवलेले क्षेत्र खुले होताच खेळाडू तिकडे वळले व लोबॉलची टेबले झपाट्याने घटली.

कौशल्याचा वाद : कॅन्सस सिटी पद्धत मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांतील व नेव्हाडातील व्यावसायिकांनी जोपासली. लास व्हेगास येथे १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धामालिकेत त्याच दशकात लोबॉलच्या स्पर्धांचा समावेश झाला. जॉर्जिया राज्यातील बिली बॅक्स्टर यांनी या मालिकेत मिळविलेली सातही विजेतेपदे लोबॉलच्या विविध प्रकारांतील आहेत. १९७८ ते १९८१ या वर्षांतील त्यांच्या प्राप्तीवरून आयकराचा एक वाद उद्‌भवला. श्रमाने मिळविलेल्या उत्पन्नावर त्या वेळी कमाल ५० टक्के, तर इतर उत्पन्नावर ७० टक्क्यांपर्यंत कर होता. पोकरमधील प्राप्ती श्रमाची नव्हे, असे शासनाचे म्हणणे होते. नेव्हाडातील संघीय जिल्हा न्यायालयाने १९८६ मध्ये बॅक्स्टर यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांची प्राप्ती लावलेल्या पैशातून नव्हे, तर त्यांच्या कौशल्यातून निर्माण झाली, असे न्यायालयाने मानले. १९७८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या डॉइल ब्रन्सन यांच्या सुपर/सिस्टिम या ग्रंथात जोई हॉथॉर्न यांनी लोबॉलवर लिहिलेले प्रकरण याच व्यावसायिक परंपरेतील आहे.

इतर प्रकार : सात पाने वाटून त्यांतील सर्वांत कनिष्ठ पाच निवडण्याच्या खेळाला ‘रॅझ’ म्हणतात, त्यात चार पाने उघडी असतात व पाने बदलता येत नाहीत. ‘ट्रिपल ड्रॉ’ मध्ये पाने तीन वेळा बदलता येतात. ‘बडुगी’ या चार पानांच्या खेळात चारही पाने भिन्न रंगांची व भिन्न दर्जांची असावी लागतात. काही खेळांत मधली रक्कम श्रेष्ठ व कनिष्ठ हातांत निम्मी वाटली जाते. एकविसाव्या शतकात लोबॉल मुख्यतः स्पर्धांतून आणि अनेक खेळ आळीपाळीने खेळण्याच्या मिश्र बैठकींतून टिकून आहे.

भारतातील समांतर खेळ : महाराष्ट्रात व भारतात इतरत्र दिवाळीच्या सुमारास खेळल्या जाणाऱ्या तीन पत्तीचा ‘मुफलिस’ हा प्रकार याच तत्त्वावर आधारलेला आहे. मुफलिस म्हणजे निर्धन. त्यातही कनिष्ठ हात जिंकतो आणि एक्क्याविषयीचा प्रश्न तसाच उद्‌भवतो. एक्का मोठा मानल्यास २-३-४ हा क्रम बाद होऊन भिन्न रंगांचा ५-३-२ हा हात सर्वोत्तम ठरतो. एक्का लहान मानून एक्का-२-३ हा क्रम धरल्यास ४-२-एक्का हा हात त्याची जागा घेतो. मात्र मुफलिसमध्ये पाने बदलता येत नाहीत. भारतीय कायद्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाने केवळ कौशल्याच्या खेळांना बंदीतून वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये आंध्र प्रदेशातील एका खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला. पडलेली पाने लक्षात ठेवणे व कोणती पाने धरावी वा टाकावी हे ठरविणे यांस कौशल्य लागते, असे सांगून त्याने तीन पत्तीच्या खेळाहून रमी वेगळी मानली. पोकरविषयी मात्र एकवाक्यता झाली नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या अधिनियमाने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळले, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यास जुगार ठरविले. २०२५ च्या केंद्रीय अधिनियमाने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालताना कौशल्य व योगायोग हा भेदच बाजूला ठेवला.

लोबॉलमध्ये वाटपात येणारी पाने योगायोगाने येतात. त्यांतील कोणती ठेवावी, कोणती टाकावी आणि इतरांनी टाकलेल्या पानांच्या संख्येवरून कोणता अर्थ काढावा, हे खेळाडूच्या बुद्धीवर अवलंबून असते. कॅलिफोर्नियातील महान्यायवाद्याने व भारतातील सर्वोच्च न्यायालयाने, परस्परांशी संबंध नसता, निवडीच्या या अधिकारातच कौशल्याचे गमक पाहिले. तथापि कौशल्य मान्य झाले, तरी पैसा हरण्याचा धोका नाहीसा होत नाही. बैठकीचे भाडे व चुकलेला हिशोब यांचा भार अखेर खेळाडूवरच पडतो. या खेळाचे नियम शिकताना संभाव्यतेचे गणित प्रथम शिकावे लागते, ते याचमुळे.